बऱ्हाणपूरचा चौक

खानदेशची राजधानी कोणती, असें आज एखाद्या शाळकरी मुलाला विचारलें तर तो जळगांवचें नांव घेईल, फार तर धुळ्याचें घेईल. आणि आजच्या दृष्टीनें त्याचें फारसें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या दोन शतकांत खानदेश हें खरोखरीचें स्वतंत्र राज्य होतें, त्या काळांत त्याची राजधानी ज्या शहरीं नांदली, तें शहर आज खानदेशांतही नाहीं आणि महाराष्ट्रांतही नाहीं. तें शहर म्हणजे बऱ्हाणपूर. रावेरच्या स्टेशनावर खांडव्याकडे जाणाऱ्या गाडींत बसलें, कीं तासाभराच्या आंत तें येतें. डाव्या हातास सातपुड्याची निळी रांग, उजव्या हातास दृष्टीआड वाहणारी तापी, आणि दोहोंच्या मध्यें काळ्या जमिनींत उभ्या असलेल्या केळीच्या बागा. वाटेंत कोठें तरी एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. बागा मात्र दोन्हीकडे सारख्याच.

रावेर म्हटल्याबरोबर पुष्कळांना थोरल्या बाजीरावाच्या मृत्यूचें रावेरखेडी आठवतें. तें नर्मदेच्या कांठचें. येथें अभिप्रेत असलेलें रावेर हें तापीच्या खोऱ्यांतलें, जळगांव जिल्ह्याच्या ईशान्य टोंकाचें. या रावेराचा बऱ्हाणपुराशीं संबंध केवळ आगगाडीचा नाहीं. १७६३ सालीं निजामाकडून हें गांव पेशव्यांकडे आलें आणि पेशव्यांनीं तें होळकरांना दिलें. इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटियरांत त्याची ख्याति सांगितली आहे ती जरीची तार आणि देशी वस्त्रें यांबद्दल. केळीचें नांव पुढें झालें. जरीची ही विद्या बऱ्हाणपूरच्या छायेंतली आहे, हें निराळें सांगावयास नको. राजधानीच्या पेठेंत जें विकलें जाई, तें आसपासच्या कसब्यांतून तयार होत असे.

राज्याचा आरंभ मात्र बऱ्हाणपुरीं झाला नाहीं. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानें १३७० सालीं मलिक राजा या सरदाराला तापीकांठचें थाळनेर जहागिरीदाखल दिलें. तें आज धुळें जिल्ह्यांत आहे. बारा वर्षांत मलिक राजा स्वतंत्रपणें वागूं लागला. हें फारुकी घराणें; खलिफा उमर फारुक याच्यापासून आपला वंश आहे असा त्याचा दावा होता. मलिक राजाचा मुलगा नसीरखान यानें असीरगड हस्तगत केला आणि १४०० च्या सुमारास गडाच्या दक्षिणेस, सुमारें बारा-तेरा मैलांवर, तापीच्या उत्तर तीरावर नवें शहर वसविलें. खुलताबादचे संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नांवावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटलें. मराठींत त्याचें बऱ्हाणपूर झालें. समोरच्या तीरावर दुसरे संत झैनुद्दीन यांच्या नांवानें झैनाबाद वसलें. जागेची निवड मोठी मार्मिक होती. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेंत उतरणारी वाट असीरगडाच्या पायथ्याच्या खिंडींतून येते, आणि सुरतेच्या बंदराकडे जाणारी वाट तापीच्या कांठाकांठानें जाते. या दोन वाटा जेथें मिळतात, तेथें बाजार भरल्यावांचून राहत नाहीं.

शहराचें हृदय कोणतें, याविषयीं दोन मतें होण्यासारखीं आहेत. प्रवासी बहुधा प्रथम किल्ल्याकडे धांवतो. नदीच्या कांठावरून सरळ उभ्या राहिलेल्या त्या भिंती, गच्चीवरचा बाग, रंगीत नक्षीच्या छताचा हमामखाना, आणि मुमताजमहलच्या मृत्यूची कथा, एवढें सगळें एका ठिकाणीं मिळाल्यावर दुसरीकडे पाहण्याची गरज त्याला वाटत नाहीं. परंतु शनवारा वेशीकडून जो शहरांत शिरतो आणि गर्दीच्या ओघाबरोबर जातो, तो किल्ल्याशीं न पोंचतां चौकांत येऊन पोंचतो. जुन्या पेठांतून चालत आलें कीं दुकानांच्या ओळींवरून एकाएकीं दोन उंच मिनार दिसूं लागतात. तीच जामा मशीद, आणि तोच चौक. आज त्याला गांधी चौक म्हणतात.

ही मशीद फारुकी घराण्याच्या अखेरच्या दिवसांतली आहे. आधींची मोठी मशीद इतवाऱ्याकडे होती, तिला बीबीची मशीद म्हणतात. शहर वाढत गेलें तशी ती एका बाजूस पडली आणि अपुरी पडूं लागली. तेव्हां राजा अलीखान ऊर्फ आदिलशहा फारुकी यानें शहराच्या मध्यावर ही नवी इमारत उठविली. काळ्या दगडाची ही वास्तु पाहणाराला प्रथम साधी वाटते. दर्शनी बाजूस एका ओळींत पंधरा कमानी, दोन टोंकांस दोन मिनार, आणि वर घुमट नाहीं. मोठ्या मशिदीला घुमट हवाच अशी ज्याची समजूत असेल तो क्षणभर निराश होतो. परंतु आंत गेल्यावर कारागिराची करामत ध्यानांत येते. सगळें छप्पर दगडी कमानींच्या कमानींत गुंतवून तोललें आहे. त्यांत लांकडाची तुळई नाहीं. खांबांच्या रांगांमधून प्रकाश तिरपा येतो, आणि बाहेरच्या बाजाराचा कोलाहल आंत येतां येतां मंद होतो.

पण या मशिदींत खरें पाहण्यासारखें आहे तें तिचे लेख. अरबी लेख अर्थातच आहे. त्याच्या जोडीला संस्कृत लेख आहे, देवनागरी लिपींत कोरलेला. त्यांत राजा मलिकापासून फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे, आणि मुबारकशहाचा मुलगा आदिलशहा यानें ही मशीद आपल्या धर्माच्या पालनासाठीं बांधली असें म्हटलें आहे. काळ सांगितला आहे तो विक्रम संवत् १६४६, शके १५११. एवढ्यावर न थांबतां पौष महिना, शुक्ल पक्ष, तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण, घटिकांच्या हिशेबासह, एखाद्या जोशीबोवांनीं लग्नमुहूर्त काढावा त्याप्रमाणें नमूद केलें आहे. इसवी सनाच्या मानानें हा काळ १५९० च्या आरंभींचा. असीरगडावरच्या मशिदींतही याच राजाचा असाच संस्कृत लेख आहे. म्हणजे ही एखाद्या दिवसाची लहर नव्हती.

या लेखावरून फार मोठमोठे सिद्धांत उभारण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. संस्कृत लेख कोरविला म्हणून राजा अलीखान हा काळाच्या पुढें गेलेला समन्वयवादी होता, असें ठरत नाहीं. तो धूर्त राजकारणी होता. एकीकडे अकबर आणि दुसरीकडे अहमदनगर, यांच्या कात्रींत सांपडलेलें लहानसें राज्य त्यानें वीस वर्षें सांभाळलें. आणि १५९७ सालीं गोदावरीकांठीं सोनपेठजवळच्या लढाईंत मोंगलांच्या बाजूनें लढतांना तो पडला. त्याचें शव बऱ्हाणपुरास आणून पुरलें. तरीपण एक गोष्ट उरतेच. राजवाड्याच्या भिंतीवर काय लिहावें हें राजा आपल्या मर्जीप्रमाणें ठरवितो. चौकांत लिहावयाचें झालें म्हणजे वाचणारा कोण, याचा विचार त्याला करावा लागतो. या चौकांत रोज येणारा सराफ, कापडाचा व्यापारी, गुजराती वाणी, ब्राह्मण कारकून यांना दिवस मोजण्याची जी रीत ठाऊक होती, त्या रीतीनें राजानें आपल्या मशिदीचा दिवस त्यांना सांगितला. राज्य कोणाच्या बळावर चाललें आहे, हें त्याला समजत होतें.

राजा अलीखानाच्या मागें चार वर्षांतच राज्य संपलें. अकबर १६०० सालीं शहरांत शिरला, आणि १६०१ च्या आरंभीं असीरगडही पडला. विजयाची आठवण म्हणून त्यानें आपला फारसी लेख कोरविला, तो किल्ल्यांत नव्हे, याच जामा मशिदीवर. भक्करच्या मीर मुहंमद मासूम या कवि-सरदारानें तो लिहिला. नव्या धन्यालाही आपली वार्ता चौकांतच लावावी असें वाटलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुढें तीस-पस्तीस वर्षें हें शहर मोंगलांच्या दक्षिण सुभ्याचें मुख्य ठाणें होतें, आणि या काळांतला इतिहास बहुतेक किल्ल्याचा इतिहास आहे. तो वाचून मन उदास होतें. अकबराचा मुलगा दानियल १६०५ सालीं दारूपायीं येथें मेला. खानदेशाला त्याच्या नांवावरून दांदेश म्हणण्याचा बापानें घातलेला घाट त्याच्याबरोबरच विरला. जहांगीराचा थोरला मुलगा खुस्रू १६२२ सालीं भावाच्या कैदेंत येथेंच संपला. दुसरा मुलगा परवीझ १६२६ सालीं येथेंच वारला. आणि १७ जून १६३१ रोजीं शहाजहानची बेगम मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणांत या किल्ल्यांत मरण पावली. पलीकडच्या तीरावर झैनाबादच्या बागेंत तिला तात्पुरतें ठेवलें. सहा महिन्यांनीं शव आग्र्यास नेलें, आणि तेथें काय उभें राहिलें तें सगळें जग जाणतें. ज्या वर्षीं ही राजस्त्री वारली, त्याच वर्षीं दख्खन, गुजराथ आणि खानदेश दुष्काळानें होरपळून निघाला होता. त्यांत गेलेल्यांची कबर कोठेंच नाहीं.

किल्ला आणि शहर यांच्यांतली तफावत परक्या माणसाच्या नजरेंतून सुटली नाहीं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या नोव्हेंबरांत सुरतेहून अजमेरास जातांना येथें उतरला आणि शहजादा परवीझला भेटला. शहजाद्याचा वाडा, खानखानानचा वाडा आणि आणखी थोडींशीं घरें सोडलीं तर बाकी गांव मातीच्या झोंपड्यांचें आहे, असें त्यानें लिहून ठेवलें. पंचवीस-तीस वर्षांनीं फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये आला, त्याला पेंढ्यानें शाकारलेलीं घरें आणि बरीचशी पडझड दिसली. मात्र तो व्यापारी होता. घरें पाहून तो थांबला नाहीं, त्यानें माल पाहिला. अंगावर घातलें तरी अंग दिसावें असें तलम कापड, कांठाला सोन्यारुप्याच्या पट्ट्या, फुलें रंगविलेल्या ओढण्या! हा माल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेंच काय, रशिया आणि पोलंड येथपर्यंत जातो, असें त्यानें नमूद केलें आहे. रोसाहेबाला ज्या झोंपड्या दिसल्या, त्यांच्या आंत मागावर काय चाललें होतें तें ताव्हेर्नियेच्या लेखणीनें सांगितलें. १६३५ सालीं सुभ्याचें ठाणें औरंगाबादेस हललें. किल्ल्याचें महत्त्व उतरलें. माग थांबले नाहींत.

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर आठवतें तें मुख्यतः संभाजी महाराजांच्या स्वारीमुळें. १६८१ च्या जानेवारीअखेर मराठ्यांनीं अकस्मात् येऊन शहराबाहेरचा श्रीमंत बहादूरपुरा आणि दुसरे पुरे लुटले; वेशींच्या आंतला भाग तेवढा वांचला. आपल्या इतिहासग्रंथांत ही लूट अभिमानानें वर्णिली जाते. औरंगजेबाच्या सत्तेला तो टोला होता, आणि टोला म्हणून तो अचूक बसला, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांचीं दुकानें गेलीं ते बादशहा नव्हते, पुऱ्यांतले सराफ आणि व्यापारी होते, हेंही विसरूं नये. या लुटीनंतर शहरांतल्या प्रतिष्ठितांनीं आणि मौलवींनीं बादशहाकडे जो अर्ज धाडला, त्याची हकीकत खाफीखानानें दिली आहे. आमची मालमत्ता आणि अब्रू सुरक्षित नाहीं, तेव्हां शुक्रवारची नमाज आम्ही बंद करूं, अशी त्यांनीं धमकी दिली. शुक्रवारची नमाज म्हणजे राज्यकर्त्याच्या नांवाचा खुतबा. तो बंद होणें म्हणजे चौकानें राजाचें राजेपण नाकारणें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत औरंगजेब जातीनें बऱ्हाणपुरास आला, आणि दक्षिणेंतून पुन्हां उत्तरेस गेला नाहीं. त्याच्या येण्याला इतरही कारणें होतीं, बंडखोर शहजादा अकबर हें त्यांतलें मोठें. तथापि त्या अर्जाची धार त्याला जाणवली नसेल असें म्हणवत नाहीं.

इतकें मोठें शहर मध्यभागीं इतक्या दाटीनें कसें जगलें? तापी जवळ आहे, पण ती खोल वाहते. आणि वेढा पडला तर नदीचें पाणी शत्रूच्या हातांत. या प्रश्नाचें उत्तर खानखानान अब्दुर्रहीम याच्या कारकीर्दींत सांपडलें. हिंदी दोह्यांचा कवि रहीम तो हाच. त्यानें आपल्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें बऱ्हाणपुरांत घालविलीं. १६१५ च्या सुमारास इराणी पद्धतीची भूमिगत पाणीयोजना येथें तयार झाली. ती आंखणाऱ्या इराणी जाणत्याचें नांव तबकुतुल अर्ज असें सांगतात. युक्ति ऐकावयास सोपी आणि करावयास अवघड आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गोट्यामुरमांत मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकूं लागतो. या झिरपणाऱ्या पाण्याला वाटेंत आडवावयाचें. त्यासाठीं लालबागच्या बाजूस ओळीनें विहिरीसारख्या कुंड्या खणल्या, शंभराहून अधिक, आणि त्यांचे तळ एका बोगद्यानें एकमेकींस जोडले. बोगद्याला उतार असा नेमका दिला कीं पाणी आपल्या वजनानें शहराकडे चालत यावें. मोट नाहीं, रहाट नाहीं. शहरांत तें जाली करंज या हौदांत येई आणि तेथून नळांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाई. अशा एकंदर आठ योजना होत्या. जी चालू राहिली तिला कुंडी भंडारा म्हणतात; लोकांच्या तोंडीं ती खुनी भंडारा झाली आहे. चौकांतल्या गर्दीला मिनारांची सावली मिळाली ती राजा अलीखानाकडून, पाणी मिळालें तें या कवीकडून.

अठराव्या शतकाचा वृत्तांत थोडक्यांत सांगितला तरी चालेल. निजामउल्मुल्कानें १७३१ सालीं शहराभोंवतीं विटांचा तट आणि वेशी बांधविल्या, आणि १७४८ सालीं तो येथेंच वारला. १७६० सालीं उदगीरच्या पराभवानंतर निजामानें बऱ्हाणपूर पेशव्यांना दिलें. पेशव्यांकडून तें शिंद्यांकडे गेलें. १८०३ सालीं इंग्रजांनीं घेऊन तहानें परत केलें, आणि १८६० च्या सुमारास कायमचें ताब्यांत घेतलें. यांत एक गोष्ट मात्र रावेरकरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं खानदेश मुंबई इलाख्यांत गेला; शिंद्यांचें बऱ्हाणपूर मागें राहिलें आणि पुढें निमाडबरोबर मध्य प्रांतांत गेलें. १९५६ च्या प्रांतरचनेंत तें मध्यप्रदेशांत राहिलें, आणि २००३ सालीं स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालें. म्हणजे खानदेशला त्याच्या राजधानीपासून तोडणारी रेघ भाषेनें किंवा नदीनें ओढलेली नाहीं. पेशव्यांच्या सरदारांतल्या जुन्या वाटणीनें ती मोठ्या अंशीं ओढली आहे. मराठी बोलणारीं घरें आजही त्या शहरांत आहेत.

आज किल्ल्याचे बरेचसे मजले कोसळले आहेत, आणि जें उरलें आहे तें पुराणवस्तु खात्याच्या देखरेखीखालीं आहे. संध्याकाळीं फाटक बंद झालें कीं तेथें कोणी नसतें. चौकांत त्याच वेळीं वाट मिळत नाहीं. मागांची जागा यंत्रमागांनीं घेतली आहे, आणि त्यांचा खडखडाट मोमिनांच्या मोहल्ल्यांतून ऐकूं येतो. मिठाईवाल्याच्या कढईंत मावा-जिलेबी तळली जात असते. काळसर, जाडजूड, आणि बाहेर गांवीं कितीही नक्कल केली तरी तशी न साधणारी. ही नक्कल मुंबईच्या दुकानांतून बऱ्हाणपूरच्याच नांवानें विकली जाते.

पाण्याची स्थिति मात्र तशी राहिलेली नाहीं. कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर बसत चालले आहेत आणि झिरपणीचीं तोंडें बुजत आहेत. वरच्या बाजूस विंधनविहिरी वाढल्यानें भूमिगत पाण्याची पातळीही खालीं जात आहे. २०२४ सालीं या भंडाऱ्याचें नांव जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलें, त्यामुळें पाहुणे वाढले. पाणी वाढलें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याचा हाच गोट्यामुरमांचा पट्टा पश्चिमेस रावेर आणि यावल तालुक्यांतून जातो, आणि केळीच्या विहिरींना पाणी पुरवितो तो त्याच थरांतून. तेथेंही विहिरी खोल-खोल जात शेंकडों फुटांवर गेल्या आहेत. पावसाळ्यांत तापीचें वाहून जाणारें पाणी या पट्ट्यांत मुरवावें, अशी योजना दोन्ही राज्यांनीं मिळून आंखली आहे, आणि तिच्या करारावर २०२५ च्या मे महिन्यांत भोपाळ येथें सह्या झाल्या. खानखानानच्या माणसांनीं जेथें मुरलेलें पाणी काढून घेतलें, तेथेंच आतां तें परत घालावयाचें आहे.